मदत हवी आहे: 1986 ची येझदी रोडकिंग, क्रँकचं काम आणि वारस नोंद

नमस्कार मंडळी,

वडिलांची रोडकिंग मोटरसायकल साताऱ्यात आहे. गाडी सुरू होते, पण धूर थांबत नाही. पेट्रोलमध्ये लिटरला 40 मिली टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल घालतो, म्हणजे ऑइल जास्त होतंय असं नाही. तरी दोन्ही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो आणि गिअरबॉक्समधलं ऑइल कमी होत जातं. इथले गॅरेजवाले ‘बोअर करून पिस्टन बदला’ म्हणतात. मला संशय आहे क्लचच्या बाजूच्या क्रँक सीलचा, म्हणजे क्रँकच्या दांड्याभोवतीच्या रबरी सीलचा, कारण ते गेलं की इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतं. सीलसाठी इंजिन पूर्ण उघडावं लागतं का? उघडलंच, तर कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगही त्याच वेळी बदलावीत का?

शोरूमकडे जा असं कृपया सुचवू नका. येझदी बनवणारी म्हैसूरची आयडियल जावा 1996 साली बंद पडली. हिरो होंडाची सीडी 100 आल्यापासून गिऱ्हाईक अॅव्हरेज बघायला लागलं होतं, त्यात प्रदूषणाचे नियम कडक झाले. 250 सीसीच्या टू-स्ट्रोकला ते झेपणारं नव्हतं. पुढे क्लासिक लेजेंड्स या कंपनीने 2018 मध्ये जावा आणि 2022 मध्ये येझदी परत आणली. महिंद्राचा पैसा, आणि भागीदारांत आयडियल जावाच्या रुस्तम इराणींचे चिरंजीव बोमन इराणी. मला याचा मनापासून आनंद झाला. पण ती इंजिनं फोर-स्ट्रोक, लिक्विड-कूल्ड. त्यातलं काही आपल्या इंजिनाला बसत नाही. जुन्या गाड्या आजही लेथवाले आणि म्हातारे मिस्त्रीच जगवताहेत, आणि मला तसाच माणूस हवा आहे.

पुणे, सातारा किंवा कोल्हापुरात रोडकिंगचा क्रँक उघडून, नवा रॉड बसवून नीट अलाइन करून देणारं कोणी आहे का? सील कोणत्या प्रतीची घेता? बाजारातली काही लवकर कडक होतात असं ऐकलंय.

दुसरा प्रश्न कागदांचा. आरसी वडिलांच्या नावावर आहे, ते आता नाहीत, आणि नोंदणीची मुदतही संपली आहे. 50 वर्षांवरच्या गाड्यांच्या व्हिंटेज नोंदणीत ही बसत नाही. आधी फॉर्म 31 (मालक वारल्यावर गाडी वारसाच्या नावे करण्याचा अर्ज) भरून नाव बदलायचं की आधी फेरनोंदणी? बहिणीचं संमतीचं प्रतिज्ञापत्र लागेल का? अलीकडे हे कोणी केलं असेल तर क्रम आणि एकूण खर्च लिहा. इंजिन उघडण्याआधी आरटीओची तपासणी उरकावी की नंतर, हेही सांगा.