आहार आणि व्यायाम यांची फारकत करता येत नाही

हृदयविकाराच्या संशोधनात आहार आणि व्यायाम या दोन वेगळ्या वाटा आहेत, या मताला ब्रिटिश साथरोगशास्त्रज्ञ (लोकसमूहांतील रोगांची कारणे शोधणारे संशोधक) जेरी मॉरिस यांची कारकीर्द छेद देते, असे मला वाटते. लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिना चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. परंतु वाहक मुळातच सडपातळ असतील, ही रास्त शंका त्यांनी बाजूला सारली नाही. त्यासाठी त्यांनी थेट गणवेशाच्या विजारींची मापे मिळवली! चालकांच्या कमरेचा घेर खरोखरच मोठा निघाला; तरीही अंगकाठी कशीही असली, तरी वाहकांचा धोका कमीच राहिला. स्वतःच्या निष्कर्षावर असा हल्ला स्वतःच चढवणे, हे मला या कारकिर्दीचे सर्वांत मोलाचे अंग वाटते.

पुढे १९७७ मध्ये त्यांनी आहाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी ३३७ पुरुषांनी आपले रोजचे खाणे तोलून नोंदवले होते. धान्यातील तंतुमय पदार्थ जास्त खाणाऱ्यांना हृदयविकार कमी होता, आणि एकूण उष्मांक जास्त घेणाऱ्यांनाही तो कमीच होता. जास्त खाणारा माणूस बहुधा जास्त हालचाल करणारा असतो, हे ध्यानात घेतल्याशिवाय या दुसऱ्या निरीक्षणाचा अर्थच लागत नाही.