एलिस्पॉट: निगेटिव्ह वेलमध्येच इतके स्पॉट का?

प्रश्न
कोविड लस घेतलेल्यांच्या गोठवलेल्या पीबीएमसींवर (रक्तातल्या एककेंद्रकी पांढऱ्या पेशी) आयएफएन-गॅमा एलिस्पॉट चालू आहे; यात आयएफएन-गॅमा हे प्रथिन सोडणारी प्रत्येक पेशी प्लेटवर एक ठिपका (स्पॉट) उमटवते. विषाणूच्या स्पाइक प्रथिनाचे १५ अमिनो आम्लांचे तुकडे (पेप्टाइड), शेजारच्या दोघांत ११ चा ओव्हरलॅप, सगळे एकाच पूलमध्ये (मिश्रणात). वेलमागे (प्लेटच्या प्रत्येक खड्ड्यामागे) २.५ लाख पेशी, २० तास. नुसत्या मीडियमच्या (निगेटिव्ह) वेलमध्ये ३०–४० स्पॉट, पेप्टाइडच्या वेलमध्ये ५०–६०. पीएचए (टी-पेशींना सरसकट चेतवणारा पॉझिटिव्ह कंट्रोल) छान चालतं. हा फरक खरा धरावा का?

उत्तर १
नको. निगेटिव्हच्या दुप्पटही होत नाही. शिवाय १० लाख पेशींमागे १२०–१६० म्हणजे बॅकग्राउंडच फार. १० लाखांमागे ५० च्या वर गेला तर ती प्लेट मोजूच नये. पीएचएमुळे अँटिबॉडी आणि रंग ठीक आहेत एवढंच कळतं. त्याला थकलेल्या पेशीही प्रतिसाद देतात.

आधी थॉइंग (गोठवलेल्या पेशी वितळवणं) पाहा. व्हायल ३७ अंशांच्या पाण्यात धरा, बर्फाचा छोटा खडा उरला की बाहेर काढा. कोमट मीडियम थेंबाथेंबाने घाला; एकदम ओतलं की पेशी फुटतात, त्यांच्या डीएनएने गुठळ्या होतात. मीडियममध्ये बेन्झोनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) ५० युनिट/मिली ठेवा. मग रात्रभर ३७ अंशांवर, मिलीमागे १०–२० लाख पेशी, अशी विश्रांती द्या आणि *त्यानंतर* मोजा. थॉनंतर लगेचच्या मोजणीत पुढच्या काही तासांत मरणाऱ्या पेशीही जिवंत दिसतात. विश्रांतीनंतर ८० टक्क्यांखाली जिवंत असतील तर प्लेट लावू नका.

उत्तर २
डीएमएसओचा (पेप्टाइड ज्यात विरघळवतात त्या द्रावकाचा) हिशेब केलात का? स्पाइक १२७३ अमिनो आम्लांचा, म्हणजे सुमारे ३१५ पेप्टाइड. प्रत्येकाचा स्टॉक १० मिलिग्रॅम/मिली असेल आणि वेलमध्ये प्रत्येकी १ मायक्रोग्रॅम/मिली हवं असेल, तर प्रत्येकामागे ०.०१ टक्का, एकूण ३ टक्क्यांहून जास्त डीएमएसओ! ०.५ च्या वर टी-पेशी दबतात, म्हणून तुमचा खरा प्रतिसादही कमी दिसत असणार. एस१ आणि एस२ (स्पाइकचे दोन भाग) असे दोन पूल करा, लायोफिलाइज करा (गोठवून वाळवा) आणि प्रत्येक पेप्टाइड २०० मायक्रोग्रॅम/मिली येईल इतक्याच डीएमएसओत विरघळवा. २०० पट पातळ केलं की बरोबर ०.५ टक्का. निगेटिव्ह वेलमध्येही तेवढाच डीएमएसओ हवा. नुसतं मीडियम हा कंट्रोल नव्हे.

प्रश्नकर्ता
सीरमही कारण असेल का? मीडियममधल्या एफबीएसचा (गायीच्या गर्भाचं सीरम) लॉट बदलला आहे.

उत्तर १
नक्कीच असू शकतं. दोन-तीन लॉट निगेटिव्ह आणि पीएचए वेलमध्ये तपासा, शांत (कमी बॅकग्राउंडचा) लॉट निवडा आणि संपूर्ण अभ्यासासाठी तोच राखून ठेवा.

उत्तर ३
बॅकग्राउंड उतरला तरी स्पॉटच्या आकड्यावरून संरक्षण ठरवू नका. मर्कच्या एडी५ (अॅडेनोव्हायरस ५ वाहक असलेल्या) एचआयव्ही लसीने बहुतेकांमध्ये एलिस्पॉट प्रतिसाद उठवला होता, तरी २००७ मध्ये स्टेप चाचणीत लस देणं थांबवावं लागलं. स्पॉट सीडी४ चा की सीडी८ चा (टी-पेशींचे दोन प्रकार), हेही प्लेट सांगत नाही. त्याच पेशींवर आयसीएस (पेशीच्या आतले सायटोकाइन रंगवून मोजणं) लावा: एकूण ६ तास उत्तेजन, पहिल्या २ तासांनंतर ब्रेफेल्डिन-ए (सायटोकाइन पेशीतच अडकवणारं रसायन) १० मायक्रोग्रॅम/मिली. मग सबपूल (छोटे पूल) करून एपिटोप (टी-पेशी ओळखते तो नेमका तुकडा) शोधा आणि तो विषाणूच्या नव्या प्रकारांत टिकून आहे का, हे पाहा. लसीत काय घालायचं ते तिथून ठरतं.