मंदीनंतर धंदा आणि पैसा यांच्याकडे पाहण्याची तुमची नजर बदलली का?

१५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स या अमेरिकेतल्या बड्या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा मी नोकरीत नवीन होते. तोवर बँक, विमा, शेअर या गोष्टी जाणती माणसं सांभाळतात, आपण काळजी करायची नाही, असं मला मनापासून वाटायचं. ती निर्धास्ती गेली ती गेलीच. तुमचं काय झालं? त्या मंदीचे किंवा करोनाकाळातले अनुभव लिहा. कंपन्यांची नावं नकोत, प्रसंग मात्र नीट सांगा.

* * *

आमच्या विभागातले चाळीसएक जण एका आठवड्यात घरी गेले, त्यात मीही होतो. कपातीची बातमी बाहेर आली आणि कंपनीचा शेअर वर गेला. नोकरी गेल्याचं दुःख होतंच, पण संताप आला तो त्या चढलेल्या भावाचा. माझ्याकडेही त्या कंपनीचे थोडे शेअर होते. म्हणजे मला काढलं म्हणून कागदावर माझाच फायदा झाला. हे मी बायकोला कित्येक महिने सांगू शकलो नाही.

* * *

मी छोटा कारखाना चालवतो. तेव्हा ‘धंदेवाले सगळे लुटारू’ हे घरच्या माणसांकडूनही ऐकलं. प्रत्यक्षात काय चाललं होतं? एकही हप्ता चुकला नसताना बँकेने एका पत्राने माझी कॅश क्रेडिटची, म्हणजे रोजच्या धंद्यासाठी लागेल तशी उचलायच्या कर्जाची, मर्यादा निम्म्यावर आणली. मोठ्या गिऱ्हाइकाने साठ दिवसांचं बिल पाच महिने अडकवलं. घर तारण ठेवलं, पण कामगारांचा पगार एकदाही थकवला नाही. आणि लोकांच्या लेखी मी आणि ते मोठे बँकर एकाच माळेचे मणी! माल बनवून विकणारा आणि उधारीच्या पैशावर डाव लावणारा यांत फरक आहे हो.

* * *

बँकेबाहेर रांग लावणाऱ्यांना घाबरट म्हणायची पद्धत आहे. मीही एकदा तशा रांगेत उभी होते, म्हणून लिहिते. सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनमधल्या नॉर्दर्न रॉक बँकेच्या दारात लोक उभे राहिले, तेव्हा तिथे बँक बुडाली तर पूर्ण संरक्षण ठेवीतल्या फक्त पहिल्या २,००० पौंडांना होतं. पुढच्या ३३,००० पौंडांना ९० टक्के आणि त्यावर शून्य. अशा वेळी रांग लावणं हा साधा हिशेब आहे. सरकारने ठेवींची हमी दिली, मग रांगा ओसरल्या. मला तर आमच्या बँकेच्या काउंटरवरच्या मुलीने ठेवींच्या संरक्षणाचा नियम कागदावर लिहून दिला, तेव्हाच मी घरी गेले.

* * *

बाबांचे निवृत्तीचे पैसे बुडताना पाहिले. मी आजही फक्त मुदतठेव करतो. महागाई ती खाते, हे कळतं. तरीही हात दुसरीकडे वळत नाही.

* * *

मी वित्तक्षेत्रातच नोकरी करतो, त्यामुळे घरी बोलणी खाल्ली. अमेरिकन सरकारने एआयजी या बुडत्या विमा कंपनीला सावरलं आणि मार्च २००९ मध्ये तिथे १६.५ कोटी डॉलरचे बोनस वाटल्याचं बाहेर आलं, तेव्हा आत्याने मला धारेवर धरलं. पुढे सरकारचे पैसे नफ्यासह वसूल झाले, हे मी तिला मुद्दाम जाऊन सांगितलं. ती म्हणाली, “सरकारला मिळाले रे. ज्यांची घरं गेली त्यांना?” मी गप्प बसलो. लोक तोट्यापेक्षा या प्रश्नावर जास्त चिडले होते, हे मला त्या दिवशी उमगलं.

* * *

वर कारखान्याबद्दल लिहिलंय त्यांच्यासाठी. मर्यादा कमी केल्याची तशी पत्रं मी काढली आहेत. यादी वरून यायची, व्यवसायाच्या प्रकारानुसार. कुणाचं खातं किती चोख आहे हे पाहायला आम्हाला सवड नव्हती, खरं तर मुभाच नव्हती. नंतर खातेदारांचे फोन यायचे. काही मी उचलले नाहीत. उशिरा का होईना, माफी मागतो.

* * *

पत्रावर सही कुणाची होती, आता आठवत नाही. फोन मात्र मी तीनदा केला होता. उचलला असता तरी मर्यादा वाढली नसती, हे आज समजतं. पण त्या रात्री मला झोप लागली असती.