खाडीतल्या कोल्ह्यांना खायला टाकावं का? ते तिवरांत (खारफुटीत) खातात तरी काय?

खारघरकर_स्मिता
आमची बिल्डिंग खाडीच्या साइडला आहे, कंपाउंडच्या पलीकडे लगेच तिवरं. रात्री कोल्हेकुई ऐकू येते, पहाटे कधीतरी सर्व्हिस रोडवर एखादा कोल्हा दिसतो पण. आता सोसायटीतले काही जण चिकनची हाडं, उरलेला भात भिंतीपलीकडे टाकायला लागलेत, म्हणे त्या चिखलात बिचाऱ्यांना काय मिळणार. मला पटत नाहीये पण त्यांना सांगू काय तेही कळत नाही. खारं पाणी, दिवसातून दोनदा भरती, मग हा प्राणी तिथे जगतो कसा? माहीत असेल तर प्लीज लिहा.

दिवाकोळीवाडा
ताई, चिखलात काय मिळणार असं कसं म्हणतात लोक, आमची घरं पिढ्यानपिढ्या त्याच चिखलावर चाललीत. ओहोटी लागली की चिंबोऱ्या बिळाबाहेर येतात, निवट्या (चिखलातले छोटे मासे) उड्या मारत असतात, खड्ड्यांत बोयटं (ही पण मासळीच) अडकून राहतात आणि कोल्हा यातलं काहीच सोडत नाही, बिळात वास घेतो, पुढच्या पायांनी उकरतो की चिंबोरी बाहेर. बांधावरचे उंदीर पण खातो. भरतीचा टाइम रोज पाऊण-एक तास पुढे सरकतो तसा त्याचा फिरायचा टाइम पण सरकतो. अमावस्या-पौर्णिमेला उधाणाचं पाणी पार आत चढतं, तेव्हा तो कोरड्या जागेला म्हणजे बांधावर, रस्त्याच्या कडेला येऊन बसतो. तुमच्याकडे दिसला म्हणजे उपाशीच आहे असं समजू नका.

रानवाट_ठाणे
दादांनी बरोबर लिहिलंय. कोल्हा फक्त मांसावर जगत नाही, घाटावर तो बोरं, जांभळं, किडे, उंदीर सगळं खातो, जिथे जे मिळेल ते, म्हणून तर खाडीत पण टिकलाय. जोडीने राहतात, आधीच्या वेतातली पिल्लं कधीकधी थांबतात आणि नवीन पिल्लांना खाऊ आणून देतात. कोल्हेकुई म्हणजे बरेचदा या कुटुंबाची एकमेकांना हाक असते, भुकेचं रडणं नाही.
हाडं मात्र आजच बंद करा, प्लीज. त्या वासाने आधी भटकी कुत्री जमतात, आणि कुत्र्यांकडून रेबीज, डिस्टेंपर (कुत्र्यांचा साथीचा आजार) कोल्ह्यांत जातो. २०२४ मध्ये मुंबईत मेलेल्या कोल्ह्यांच्या तपासणीत रेबीज निघाला होता. कोणाला चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि लगेच हॉस्पिटल गाठायचं.

खारघरकर_स्मिता
थँक्यू दोघांना, हे ग्रुपवर टाकते. पण प्यायच्या पाण्याचं काय, सगळं तर खारट? आणि जखमी दिसला तर कोणाला सांगायचं?

रानवाट_ठाणे
वनखात्याची हेल्पलाइन १९२६. हात लावू नका, गर्दी होऊ देऊ नका.

दिवाकोळीवाडा
पाण्याचं विचारलंत ते बरं झालं, खरी अडचण तिथेच आहे. थोडा ओलावा चिंबोरी-मासळीतून मिळतो, बाकी नाले, तळी, पावसाची डबकी. हे सगळं तिवरांच्या कडेला असतं आणि भराव नेमका तिथेच पडतो. हायकोर्टाने २०१८ साली तिवरं तोडायला बंदी केली, भोवतीचे ५० मीटर पण सोडायला सांगितले. कोल्ह्याला बीळ करायला कोरडी जमीन पण याच पट्ट्यात मिळते. तुमच्या भिंतीपलीकडे डंपर माती टाकताना दिसला तर तारखेसकट फोटो काढून वनखात्याकडे लेखी द्या, सोसायटीच्या लेटरहेडवर दिलंत तर अजून बरं.