‘द हॅझर्ड्स ऑफ लव्ह’ पुन्हा ऐकताना

प्रश्न (सोलापूर, पूर्वभाग):
पोर्टलंडच्या ‘द डिसेंबरिस्ट्स’ या इंडी रॉक बँडचा २००९ मधला हा अल्बम, शेजारचे यंत्रमाग रात्री थांबल्यावर, मी पुन्हा सलग ऐकला. सतरा गाण्यांत एकच कथा इतक्या ताकदीने सांगणाऱ्या या कामाची चर्चा एवढी कमी का होते?

उत्तर १:
कारण त्यातले एखादे गाणे सुटे काढून ऐकले की निम्मा अर्थ हरवतो. मार्गारेट, रूप पालटणारा विल्यम आणि त्याच्यावर हक्क सांगणारी वनराणी यांची ही कथा आपल्याकडच्या कीर्तनातल्या आख्यानासारखी पुढे सरकते. शीर्षकाचे गाणे चार वेळा परतते आणि दर वेळी त्याचा भाव बदललेला असतो. राणीसाठी शारा वर्डन यांनी लावलेला आवाज ऐकाच. त्यांचा स्वर चढतो तेव्हा मागच्या जड गिटारीही दबल्यासारख्या वाटतात.

उत्तर २:
माझे मत थोडे वेगळे आहे. मधल्या भागात कथा रेंगाळते, हे मान्य करायला हवे. याच बँडचा सुटसुटीत गाण्यांचा ‘द किंग इज डेड’ २०११ मध्ये बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या अल्बमांच्या यादीत पहिला आला, त्यावरून श्रोत्यांचा कल कळतो. तरीही, कथेतल्या एका बापाने ठार मारलेली त्याची मुले सूड घ्यायला परत येतात आणि लहान मुलांचे कोवळे आवाज एकत्र गाऊ लागतात, तो प्रसंग मी आजही दिवा लावूनच ऐकतो.

प्रश्नकर्ता:
आपले म्हणणे पटले. आज रात्री वनराणीकडे नीट कान देतो.