प्रेस सकाळी ठणठणीत, दुपारी सुस्त. पंप बदलू का?

नवाफिटर: हिंगणा एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. २०० टनी हायड्रॉलिक प्रेस, पिस्टन पंप, तेल ४६ नंबर. सकाळी दाब १८० बार बरोबर येते. दुपारी दोननंतर रॅम (दाबणारा दांडा) रेंगाळतो, गेज १५० च्या वर जातच नाही. टाकीत ७० डिग्री. प्रोडक्शनवाले डोक्यावर बसून राहिले, साहेब म्हणतात पंपच गेला. पंपाची किंमत ऐकूनच घाम फुटला. काय पाहू?

बुटीबोरीकर: ६८ नंबर तेल टाका. नागपूरच्या उन्हाळ्यात ४६ टिकत नाही.

पॉवरपॅकवाला: थांब गा भाऊ. ६८ ने दुखणं झाकलं जाईल, जाणार नाही. ४६ नंबर म्हणजे ४० डिग्रीला तेलाचा घट्टपणा ४६ सेंटिस्टोक. ६० ला ते विसेकच उरतं. पातळ तेल फटीफटीतून मागे पळतं, पळताना आणखी तापतं. आधी ताप येतो कुठून ते शोध.

पंप कॉम्पेन्सेटरवाला (दाब भरला की आपणच तेल कमी करणारा) असेल तर होल्डिंगला, म्हणजे रॅम दाब धरून असताना, रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाबाचं तेल टाकीत सोडणारा) बंदच पाहिजे. टेम्परेचर गन त्याच्या टाकीकडच्या लाइनवर धर. दीडशे बारवरून थेट टाकीत पडणारं तेल एका फेरीत आठ-दहा डिग्रीनं तापते. लाइन टाकीपेक्षा तेवढी गरम लागली तर चोर सापडला. मग पंपाची केस ड्रेन (पंपाच्या आत गळालेलं तेल टाकीत नेणारी लाइन) बादलीत सोडून मिनिटभर मोज, सकाळी आणि दुपारी, आणि कंपनीच्या आकड्याशी ताडून पाहा. ती लाइन दाबायची नाही, शाफ्ट सील उडेल.

आणि उन्हाला उगाच बदनाम करू नका. तेलाच्या कूलरचं पाणी थंड करणारा कूलिंग टॉवर मे महिन्याच्या कोरड्या हवेत उलट चांगलं काम करतो. घरच्या डेझर्ट कूलरसारखंच, जुलैत तो नुसता ओल देतो. मे मध्येच तेल तापत असेल तर तेलाचा कूलर उघडून पाहा. बोअरच्या पाण्याचा क्षार बसला असेल.

काही उघडण्याआधी रॅम खाली ब्लॉकवर टेकव, मेन स्विचला कुलूप, अॅक्युम्युलेटर (दाबाखाली तेल साठवणारी बाटली) असेल तर रिकामा. लीक शोधायला हात फिरवू नकोस. बारीक छिद्रातली धार कातडीत घुसते.

नवाफिटर: रिलीफची लाइन ७९, टाकी ७०! त्या व्हॉल्व्हच्या पॉपेटच्या (आतल्या झडपेच्या) सीटवर, म्हणजे बैठकीवर, आडवा चरा आहे. कूलरच्या नळ्यांत पांढरा थर. केस ड्रेन कंपनीच्या आकड्यात बसते. साहेबांना काय सांगू?

पॉवरपॅकवाला: म्हणजे पंप ठीक आहे. बोलू नको, रीडिंग लिहून टेबलावर ठेव. नवी सीट-पॉपेट आणि कूलरचं डिस्केलिंग (क्षार काढणं) एवढं माग. पण चरा काहून पडला? कचरा आला म्हणूनच ना. रिटर्न फिल्टरचा इंडिकेटर पाहा. लाल असेल, म्हणजे फिल्टर तुंबला असेल, तर बायपास उघडून तेल न गाळताच फिरून राहिलं, नवी सीटही तशीच जाईल.

नवाफिटर: इंडिकेटरची काचच फुटलेली आहे दादा. लाल की हिरवा काही कळत नाही. रविवारी बंद आहे, तेव्हा फिल्टर उघडतो.

बुटीबोरीकर: फिल्टरचं नवं एलिमेंट (आतली जाळी) आधी स्टोअरमध्ये आहे का ते विचार, नाहीतर उघडून बसशील.