कामात गुंतलं की दुःख कमी होतं?

एकांनी लिहिलंय, "कामात गुंतवून घ्या, दुःख आपोआप कमी होतं." मला अर्धंच पटलं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात कोकणात श्रीवर्धनकडच्या कितीतरी वाड्या (बागा) आडव्या झाल्या, त्यात आमचीही. बाबा त्याच पावसाळ्यात गेले. पडलेल्या पोफळी (सुपारीची झाडं) तोडून रचण्यात आईचे दिवस बरे जायचे. पण दिवाळीनंतर शिंपणं सुरू झालं आणि पंपाचं बटण दाबायला गेली की तिचा हात अडायचा. ते बाबांचं काम. तेव्हा कामानेच तिला रडवलं. त्यात वाईट काही झालं असं मला वाटत नाही.

धास्ती मात्र वेगळी. वारा जरा वाढला की तिच्या छातीत धडधड, रात्रभर पत्र्याच्या आवाजाकडे कान. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा तर जेवणच सुटलं. "देवाचं नाव घे" म्हणणारे पुष्कळ भेटले (तेही ती घेतच होती). डॉक्टरांकडे नेल्यावर झोप लागायला लागली.

पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. तरी तिने नवी रोपं लावली, उन्हाने करपू नयेत म्हणून मधे केळी लावल्या. कशासाठी, हे आम्ही विचारलं नाही.

ज्यांना डॉक्टरकडे जायचा संकोच वाटतो त्यांच्यासाठी: टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.